बिनटाक्याचं टेन्शन

‘टाका नाही, व्रण नाही’ म्हटलं की आपली जनरेशन लगेच फिदा! मेंदूच्या बाबतीत मात्र जरा थांबा.

एव्हीएम म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा जन्मजात म्हणावा असा गुंता. रोहिणीतलं जोरदार रक्त एरवी बारीक केशवाहिन्यांतून जाताना शांत होतं, मग नीलेत येतं. इथे केशवाहिन्याच गायब! पालिकेची मेन पाइपलाइन थेट जुन्या चाळीतल्या नळाला जोडल्यासारखं. वाहिनी फुटण्याची शक्यता वर्षाला साधारण २ ते ४ टक्के, आधी कधीच न फुटलेल्यांत त्याहून कमी.

उपाय भन्नाट आहे. जांघेतल्या किंवा मनगटातल्या रोहिणीतून केसासारखी नळी मेंदूपर्यंत सरकवायची आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत ‘ऑनिक्स’ नावाचं द्रव्य हळूहळू सोडायचं. ते गुंत्यात घट्ट होतं. (त्यातल्या द्रावकामुळे पेशंटला एक-दोन दिवस लसणासारखा वास येतो. डेट पुढे ढकला!) अमेरिकेत २००५ साली त्याला मंजुरी मिळाली, तीही ऑपरेशनआधीची तयारी म्हणून. कारण बऱ्याचदा एवढ्याने भागत नाही, पुढे ऑपरेशन किंवा रेडिएशन लागतंच. शिवाय रोहिणीच्या आधी नीलाच बंद झाली, तर अडलेलं रक्त फुटून बाहेर येतं.

माझ्या एका मैत्रिणीला, वय २९, अर्धशिशीसाठी काढलेल्या एमआरआयमध्ये न फुटलेला एव्हीएम सापडला. ‘‘दोन दिवसांची सुट्टी टाकते आणि उरकून घेते,’’ म्हणाली. डॉक्टरांनी तिच्यापुढे ‘अरुबा’ नावाचा अभ्यास ठेवला. २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला. न फुटलेला एव्हीएम असलेले २२३ पेशंट. फक्त औषधांवर ठेवलेल्यांत मृत्यू किंवा स्ट्रोक १०.१ टक्के, गुंत्यावर उपचार केलेल्यांत ३०.७! अर्थात त्यात नळीवाले, ऑपरेशनवाले, रेडिएशनवाले सगळे एकत्र होते आणि पाठपुरावा सरासरी ३३ महिन्यांचाच. विशीतिशीतल्या माणसापुढे पन्नास वर्षं असतात, त्यांचं काय? न्यूरोवाले यावर अजून भांडतात. एकदा फुटलेल्याची गोष्ट वेगळी, तिथे पुन्हा फुटण्याची भीती मोठी.

मैत्रिणीने दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घेतलं आणि थांबायचं ठरवलं. मला तिचं पटतं. तिच्या आईला नाही. ‘‘दिसतंय तर काढत का नाहीत?’’ त्या अजून विचारतात.