दगडांत जपलेले हवामान

दिग्रसच्या शिवारातील काळी माती ज्या बेसॉल्ट खडकापासून झाली, तो खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या रूपाने येथे पसरला. लाव्ह्याचा एक थर निवाल्यानंतर दुसरा येईपर्यंत मध्ये दीर्घ काळ जाई. त्या काळात तळी साचत, झाडे वाढत आणि पुढच्या थराखाली गाडली जात. विदर्भात ठिकठिकाणी आढळणाऱ्या अशा गाळाच्या थरांना ‘आंतरट्रॅपी स्तर’ म्हणतात. नागपूरजवळच्या टाकळी येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्टीफन हिस्लॉप यांनी असे जीवाश्म गोळा केले. पुढे बिरबल साहनी यांनी छिंदवाड्याजवळील मोहगाव कलाँच्या वनस्पतींचा सखोल अभ्यास केला.

या दगडांवरून हवामान कसे कळते? ताडवर्गीय झाडांना कडक थंडी सोसत नाही. त्यांची अश्मीभूत खोडे सापडली की तेथील हिवाळा सौम्य होता, असे अनुमान निघते. खोडातील वाढवलये ऋतूंचा फरक सांगतात. कडा अखंड असलेल्या पानांचे प्रमाण उष्ण प्रदेशात अधिक असते. पानांवरील सूक्ष्म रंध्रे तर हवेतील कार्बन डायऑक्साइडचा अंदाज देतात. हा वायू वाढला की अनेक वनस्पतींत रंध्रांची संख्या घटते.

यवतमाळ जिल्ह्याच्याच पूर्वेस, वणी परिसरात, याहून जुना अध्याय आहे. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हा भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बाजूला असलेल्या गोंडवन महाखंडात होता. चंद्रपूरजवळ इरई येथे हिमनद्यांनी घासलेल्या खडकांवर त्यांचे ओरखडे आजही दिसतात. बर्फ ओसरल्यावर दलदलीत ग्लोसोप्टेरिसची वने वाढली आणि त्यांचाच दगडी कोळसा झाला. म्हणजे एकाच जिल्ह्याच्या पोटात हिमयुगानंतरची वने आणि ताडांची उष्ण वने, असे दोन्ही पुरावे आहेत.

मग हवामान पूर्वीही बदलत होते, तर आज चिंता कशाची? प्रश्न वेगाचा आहे. त्या वनांनी लक्षावधी वर्षांत हवेतून शोषून जमिनीत साठवलेला कार्बन आपण कोळसा जाळून अवघ्या दोन-तीन शतकांत परत हवेत सोडत आहोत. पावसावर विसंबलेल्या कापूस उत्पादकाला इतक्या वेगाने जुळवून घेणे सोपे नाही.

म्हणूनच खाणीत वा बांधावर लाकडासारख्या रेषा असलेला दगड दिसल्यास तो फोडू नये, जागेवरून हलवूही नये. भूशास्त्राच्या अभ्यासकांना कळवावे. तो नेमका कोणत्या थरात होता, ही माहिती एकदा हरवली की त्या दगडाची साक्षही अर्धी उरते.