विषय दारात, विभाग दूर

जागतिक राजकारण, सुरक्षा, आणि विज्ञान व समाज यांचे नाते हे विद्यापीठांतले तसे तरुण विषय. अणुबॉम्बच्या धाकाने त्यांना बळ दिले. १९५७ मध्ये कॅनडातील पगवॉश या छोट्या गावी अनेक देशांचे शास्त्रज्ञ अण्वस्त्रांवर विचार करायला जमले. तिथून उभ्या राहिलेल्या चळवळीला आणि भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ रॉटब्लॅट यांना १९९५ चे शांततेचे नोबेल मिळाले. एडिंबरा विद्यापीठात १९६६ मध्ये विज्ञानाचाच सामाजिक अंगाने अभ्यास करणारा गट निघाला. भारतात १९५५ मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय अभ्यासाची संस्था सुरू झाली व १९७० मध्ये ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग जुना आणि जाणता मानला जातो.

चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्ण्याहून ही सगळी ठिकाणे लांब दिसतात. विषय मात्र लांब नाहीत. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. हवामान परिषदांत कोळशावर जो वाद रंगतो, त्याची राख या जिल्ह्यात पडते. वाघ वाढले, की शेतकरी आणि गुराखी यांच्या जिवाचा प्रश्न उभा राहतो. वैनगंगेपलीकडच्या गडचिरोलीने नक्षली हिंसाचाराची अनेक दशके पाहिली, आणि सूरजागडच्या लोहखनिजामुळे पोलादाचा बाजार आता त्या जंगलाशी जोडला गेला आहे. सुरक्षा म्हणजे फक्त सीमेवरची चौकी, हा समज इथे टिकत नाही.

या भागातून जगाच्या अभ्यासात गेलेली दोन कामे खास सांगण्याजोगी आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून परतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. गावातल्याच बाईला शिकवून नवजात बाळाची घरीच देखभाल करवायची, हा त्यांचा प्रयोग. ३९ गावांत तो राबवला आणि ४७ गावांशी ताडून पाहिला. नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांहून ६२ टक्क्यांनी कमी आढळला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो अभ्यास छापला, आणि पुढे ही पद्धत देशभरच्या आशा सेविकांच्या कामात आली. विद्यापीठाची खुर्ची नसतानाही अव्वल संशोधन करता येते, याचा याहून ठोस पुरावा शोधायला नको.

दुसरे काम धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाचे. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक वनहक्क मिळाला, आणि योगायोगाने त्याच वर्षी सामाईक संसाधने लोक स्वतः कशी सांभाळतात यावरच्या अभ्यासासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. बांबू आणि मोहफुलाचे नियम गावाच्या चर्चेतून ठरवणारी ग्रामसभा हा राज्यशास्त्राचा जिवंत पाठ आहे. ‘अभ्यास गट’ हा शब्द मेंढ्यात सहज रुळला आहे.

या विषयांत करिअरची वाट तुलनेने सरळ, पण लांब. राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र किंवा संरक्षणशास्त्रात एम.ए. झाल्यावर नेट किंवा सेट द्यावी लागते. नेटमध्ये कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. पीएचडीला किमान तीन वर्षे धरावीत. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांनी पुण्याच्या आदिवासी संशोधन संस्थेच्या आणि केंद्राच्या शिष्यवृत्त्यांची चौकशी आधीच करावी. खरी अडचण त्यापुढे येते. कायम जागा थोड्या असतात, आणि अनेक पात्र तरुण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवतात. संशोधन संस्था, धोरण अभ्यासगट, स्वयंसेवी संस्था आणि पत्रकारिता यांचाही विचार त्यामुळे करावाच लागतो.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाले, तेव्हा पोंभुर्ण्याच्या मुलांना पदवीसाठी नागपूरच्या विद्यापीठाकडे पाहण्याची गरज उरली नाही. सेट परीक्षेत राज्यशास्त्राचा पेपर मराठीतही असतो. पण जगाच्या नियतकालिकांत छापायचे, तर इंग्रजी लिहिण्याचा सराव बारावीपासूनच सुरू केलेला बरा.