हात धुतले, पण पाणी कुणी वाहिले?

दि. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले, ओंजळीत पाणी घेतले व ते प्राशन केले. परिषदेला जमलेल्या हजारो बांधवांनी त्यांच्या मागोमाग तसेच केले. ही हकीकत आपल्या घरातील शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असते. या घटनेला बरोबर ९३ वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे दि. २० मार्च २०२० रोजी, जागतिक आरोग्य संघटनेने वार्ताहर परिषदेत सांगितले की, कोरोनाच्या साथीत आपण यापुढे 'सामाजिक अंतर' न म्हणता 'शारीरिक अंतर' म्हणू. माणसांनी शरीराने लांब राहावे, एकमेकांशी नाते मात्र तोडू नये. जिनिव्हातील मंडळींना महाडची तारीख ठाऊक असण्याचे कारण नाही. हा निव्वळ योगायोग. परंतु 'सामाजिक अंतर' हे शब्द टीव्हीवर ऐकून आपल्या वाडीतील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. ते अंतर त्यांनी पाणवठ्यावर उभे राहून मोजलेले होते.

साथीच्या काळात सर्वांत जास्त ऐकलेला उपदेश म्हणजे 'वारंवार हात धुवा.' फोन लावला की पलीकडच्या माणसाआधी खोकला ऐकू यायचा आणि मग हाच उपदेश. उपदेश योग्यच होता. पण हात धुण्यासाठी पाणी लागते, आणि रायगडच्या किनारपट्टीवर ते पाणी कुठून येते, कुणाच्या डोक्यावरून येते, याचा विचार त्या उपदेशात नव्हता. तो आपण करावा म्हणून हा लेख.

आधी धुण्याच्या दोन प्रकारांविषयी. चवदार तळ्यावर आपली माणसे पाणी प्यायली म्हणून सनातन्यांनी तळे 'शुद्ध' केले. तळ्यातून १०८ घागरी पाणी काढले, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवले आणि मंत्र म्हणत ते परत तळ्यात ओतले. आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर तळे त्या दिवशी खरोखर घाण झाले! हे धुणे जंतूंचे नव्हते, माणसाच्या स्पर्शाचे होते. दुसरे धुणे विज्ञानाचे. १८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने पाहिले की, डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीच्या खाटेशी येतात आणि त्यांच्या वॉर्डातील बायका तापाने मरतात. शेजारच्या, सुईणी सांभाळत असलेल्या वॉर्डात मृत्यू कितीतरी कमी होते. त्याने क्लोरीनच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने घटले. पण बड्या डॉक्टरांना हे रुचले नाही. आमच्यासारख्या प्रतिष्ठितांचे हात अस्वच्छ कसे असतील, हा त्यांचा सवाल. सेमेलवाइस १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात वारला. जंतू प्रतिष्ठा पाहत नाहीत, जातही पाहत नाहीत, हे मान्य करणे माणसाला किती जड जाते पाहा.

साबण काय करतो, हेही समजून घ्यावे. कोरोनाच्या विषाणूभोवती चरबीचे पातळ आवरण असते. तेलकट भांडे नुसत्या पाण्याने निघत नाही, साबणाने निघते. तसेच साबण ते आवरण फोडतो व विषाणू निकामी होतो. त्याला जरा वेळ लागतो, म्हणून २० सेकंद चोळायचे. साबण महागाचा हवा असे मुळीच नाही. कपड्यांच्या वडीचा तुकडाही चालतो. २०२० च्या मार्चमध्ये सॅनिटायझरचा तुटवडा झाला तेव्हा सरकारला २०० मिलीलीटरच्या बाटलीला १०० रुपये अशी कमाल किंमत ठरवून द्यावी लागली. रोजंदारी बंद पडलेल्या घराने ती बाटली घ्यायची की तांदूळ, हा प्रश्न होता. दहा-वीस रुपयांच्या वडीने तेच काम झाले असते, हे मात्र पुरेसे सांगितले गेले नाही.

साथीपूर्वी आपल्या देशात काय सवय होती? २०१८ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत आढळले की, शौचानंतर साबणाने हात धुणारी कुटुंबे सुमारे ७४ टक्के होती. पण जेवणापूर्वी साबण लावणारी जेमतेम ३६ टक्के. ग्रामीण भागात तर ती २५ टक्क्यांच्या आसपास. बाकीचे बहुतेक नुसत्या पाण्याने हात धुऊन पानावर बसत. यात आपल्या माणसांना अडाणी ठरवण्याचे कारण नाही. ज्या घरात पाणी विहिरीवरून येते त्या घरात पिण्याचे, स्वयंपाकाचे, गुराचे आणि मग हातांचे, अशी पाण्याची उतरंड लागलेली असते. हात शेवटी.

आता घरचा हिशेब मांडू. पाच माणसांचे घर. साथीत प्रत्येकाने दिवसातून आठ वेळा हात धुतले, तर ४० वेळा झाले. नळ सोडून ठेवून साबण चोळला तर एका वेळेला सहज अडीच लीटर पाणी जाते, म्हणजे दिवसाला १०० लीटर. पंधरा लीटरचा हंडा धरला तर जवळजवळ सात हंडे! तेच हात आधी ओले करून, पाणी थांबवून, साबण चोळून, मग तांब्याच्या बारीक धारेने धुतले तर अर्ध्या लीटरात काम होते. दिवसाला २० लीटर. दीड हंड्याच्या आत. रोजचे साडेपाच हंडे म्हणजे विहिरीच्या किती खेपा, हे आपल्या घरातील बाईला विचारावे. पुरुषाला विचारून उपयोग नाही. त्याने त्या मोजलेल्या नसतात.

आमच्या जिल्ह्याची तऱ्हा अशी की, वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. डोंगरावरून पाणी धावत समुद्राला मिळते. किनाऱ्यालगतच्या खारेपाटात जमिनीतले पाणी मचूळ. विहीर खणली तरी त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. पेण तालुक्यात हेटवणे धरण आहे. त्याचे पाणी नवी मुंबईच्या बाजूला सिडकोच्या वसाहतींना जाते, आणि त्याच तालुक्यातील खारेपाटातल्या बायकांनी पाण्यासाठी वर्षानुवर्षे हंडे घेऊन मोर्चे काढले. फेस न येणाऱ्या पाण्यात २० सेकंद हात धुवा, हे सांगणाऱ्याने एकदा ते धुऊन पाहावेत.

त्यात आपली वाडी कुठे असते? बहुतेक ठिकाणी गावाच्या टोकाला. पाइपाचे पाणी टाकीपासून निघाले की वाटेतली घरे आधी भरून घेतात, कुणी नळाला मोटर लावतो, आणि टोकाला दाब उरत नाही. कुणी मुद्दाम अडवलेच पाहिजे असे नाही. जुनी वस्तीची जागाच ते काम परस्पर करते. १९२७ साली पाणी हात लावून अडवले जात होते. आज पाइपाच्या लांबीने अडते.

लॉकडाऊन २५ मार्च २०२० पासून लागला. मुंबईत ज्यांची हातावरची पोटे होती त्यांनी हळूहळू गावची वाट धरली. कुणी टेम्पोतून, कुणी रेल्वेच्या रुळांनी, कुणी पायी. घरात चार माणसे होती तिथे अकरा झाली. माणसे वाढली, हात धुणे वाढले, आणि विहीर तीच, तीही वैशाखातली. १४ एप्रिलची जयंती त्या वर्षी आपण घरोघरी साजरी केली. प्रतिमेपुढे मेणबत्ती, आणि उंबऱ्याबाहेर बालदी, तांब्या व साबणाची वडी. ती बालदी भरून ठेवण्याचे काम बहुधा घरातल्या सुनेकडे किंवा शाळा बंद पडलेल्या मुलीकडे आले.

मुंबईहून आलेल्यांना १४ दिवस शाळेत ठेवले जाई. ते योग्य होते. परंतु काही गावांत मुदत संपल्यावरही त्यांच्याकडे जी नजर लागली, ती आपल्याला ओळखीची होती. त्यांनी विहिरीवर यायचे नाही, कळशी लांबून भरून द्यायची. आणि खेदाची गोष्ट अशी की, हे आपल्याही काही वाड्यांत घडले. आपल्याच भावाला आपण वरून पाणी ओतले! मुदतीत अंतर राखणे ही काळजी झाली. मुदतीनंतर राखणे हा विटाळ झाला. विनयपिटकात कथा आहे. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडला होता व त्याच्याजवळ कुणी जात नव्हते. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी मिळून त्याला उचलून अंथरुणावर ठेवले. पाणी तिथेही वरूनच ओतले होते. पण ते दूर ठेवण्यासाठी नव्हे, जवळ घेण्यासाठी. आपल्या सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात पुण्यात रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या, हेही या मुलांना सांगायला हवे.

मग आला ३ जून २०२०. दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले, ताशी ११०-१२० किलोमीटरच्या वाऱ्याने. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यातील नारळी-सुपारीच्या वाड्या झोपल्या, कौले-पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. वीज गेली ती कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे आली नाही. वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे नळ कोरडा. साथ ऐन भरात, छप्पर नाही, माणसे एका शाळेत दाटीने, आणि हात धुवायला पाणी नाही! ज्या विहिरी नळ आल्यावर पालापाचोळ्याने भरू दिल्या होत्या, त्या लोकांनी पुन्हा उपसल्या. ज्यांचा रहाट शाबूत होता त्या घराकडे गावभर रांग लागली. पाऊस सुरू झाल्यावर बायकांनी पागोळ्यांखाली हंडे, पिंपे, पातेली मांडली आणि धुण्याचे पाणी तिथून घेतले. ही युक्ती कुठल्याही सरकारी पत्रकात नव्हती.

त्या वर्षी पाणी वायाही पुष्कळ गेले, तेही सांगितले पाहिजे. भाजी साबणाच्या पाण्यात, दुधाची पिशवी धुऊन, नोटा इस्त्री करून, बाहेर जाऊन आलेल्या माणसाचे सगळे कपडे रोज भिजवून. पुढे शास्त्रज्ञांच्या लक्षात आले की, हा विषाणू मुख्यतः श्वासातून, बंद जागेतील हवेतून पसरतो. वस्तूला हात लागून होण्याचा धोका फार थोडा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये तो साधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी असल्याचे सांगितले. मग हात धुणे फुकट गेले का? नाही. कोरोनाचे सोडा, जुलाब, टायफॉइड, कावीळ, पोटातले जंत हे हातावाटे तोंडात जाणारे रोग आपल्या वाड्यांतून कधी गेलेच नव्हते. साबणाने हात धुतल्याने जुलाबाचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटते, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यास सांगतात. दुधाची पिशवी धुण्याचे पाणी वाचवावे. मुलाच्या जेवणाआधीच्या हातांचे वाचवू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. त्यानंतर सवयीचे काय झाले? आम्ही मंडळाच्या कामानिमित्त घरोघर जातो, तेव्हा पाहतो. उंबऱ्याबाहेरची बालदी बहुतेक ठिकाणी आत गेली. विहाराच्या दाराशी टांगलेली सॅनिटायझरची बाटली कुठे कुठे रिकामीच लटकते आहे. सवय टिकली ती दोन प्रकारच्या घरांत: जिथे मोरीजवळ नळाला रोज पाणी येते, आणि जिथे पाणी नसले तरी कुणीतरी हुशारीने सोय लावली. सोय साधी आहे. पाच लीटरचा तेलाचा रिकामा कॅन स्वच्छ धुऊन त्याला तळाशी छोटी तोटी बसवायची आणि तो जेवायच्या जागेजवळ, मुलांच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर ठेवायचा. साबणाची वडी जुन्या मोज्यात घालून शेजारी टांगायची, म्हणजे ती मातीत पडत नाही व विरघळतही नाही. खाली टोप ठेवायचा. ते पाणी अळू, केळी किंवा मोरी धुवायला. सकाळी एकदा व संध्याकाळी एकदा कॅन भरण्याचे काम घरातील मुलग्याकडे द्यावे. मुलीकडे नको, तिच्या वाटणीचे आधीच पुष्कळ आहे.

हे झाले घरातले. घराबाहेरचे असे की, १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लीटर पाणी नळाने देण्याचे ठरले. मुदत २०२४ ची होती. २०२५ च्या अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढवण्यात आली. पाच माणसांच्या घराला २७५ लीटर. दारात नळ उभा राहिला की कागदावर घर मोजले जाते, मग त्यातून पाणी येवो वा वारा. तेव्हा आपल्या महिला मंडळाने आठ दिवस वही धरावी: पाणी किती वाजता आले, किती वेळ आले, किती हंडे भरले. टाकीजवळच्या पहिल्या घरात व वाडीतल्या शेवटच्या घरात, दोन्हीकडे. या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गावच्या पाणी समितीत निम्म्या महिला आणि चतुर्थांश जागा दुर्बल घटकांना असायला हव्यात. समितीची यादी ग्रामपंचायतीत मिळते. आपल्या वाडीतील कुणा बाईचे नाव त्यात आहे का, आणि असल्यास तिला सभेचे निरोप येतात का, की नुसत्या सह्या घेतल्या जातात, हे विचारावे. १ मे रोजी ग्रामसभा असते. विहिरी तेव्हा तळाला गेलेल्या असतात, मुंबईकरही सुट्टीला आलेले असतात. वही घेऊन त्या दिवशी जावे.