म्हाताऱ्या कोंबडीचे दुखणे

तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या प्रिय मुक्तांबाळच्या स्मरणार्थ तंजावरजवळ ओरत्तनाडूला छत्र बांधले, ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. राजांच्या छत्रांत वाटसरूला जेवण मिळेच, शिवाय शाळा असे आणि आजारी पांथस्थाला वैद्यही मिळे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात गजशास्त्र आहे, अश्वशास्त्र आहे. कोंबडीच्या वाट्याला असा मान आला नाही, आणि त्यात नवल नाही: हत्ती आजारी पडला तर दरबाराला घोर, कोंबडी आजारी पडली तर रस्सा.

त्याच ओरत्तनाडूत 2012 साली तमिळनाडू पशुवैद्यक विद्यापीठाचे महाविद्यालय सुरू झाले. छत्रापासून महाविद्यालयापर्यंतच्या दोनशे वर्षांत परसातल्या कोंबडीच्या आयुष्यात सर्वांत मोठा बदल घडला तो मात्र दूर कुमाऊंच्या डोंगरात. 1927 मध्ये राणीखेतला कोंबड्या माना मुरगाळून पटापट मेल्या. आपल्याकडे या रोगाला मानमोडी म्हणतात, तमिळ खेड्यांत पांढरी हगवण. कुमाऊंतल्याच मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संस्थेतल्या संशोधकांनी 1940 च्या दशकात त्यावर लस आणली. पण लसीची कुपी किमान शंभर मात्रांची, ती बर्फात ठेवावी लागे आणि फोडली की काही तासांत संपवावी लागे. दारात आठ कोंबड्या असलेल्या बाईने उरलेल्या मात्रांचे काय करायचे? तमिळनाडूत उन्हाळ्याच्या तोंडावर गावोगाव मोफत लसीकरणाची शिबिरे भरतात ती यासाठीच. विद्यापीठाने पुढे दाण्यासारखी चारायची लसही तयार केली.

लसीमुळे कोंबड्या जगू लागल्या, आणि जगल्या म्हणून म्हाताऱ्या होऊ लागल्या. लसीचे यश सांगताना हे सहसा कुणी सांगत नाही.

व्यापारी फार्मवर म्हातारपण येतच नाही. तमिळनाडूतल्या नामक्कलच्या पिंजऱ्यातली लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी, वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते आणि साधारण 72 ते 80 आठवड्यांची झाली की मटणाच्या गाडीत चढते. काही ठिकाणी तिला उपाशी ठेवून जबरदस्तीने पिसे झडवत, म्हणजे अंड्यांचा आणखी एक बहर पदरात पडे. 2011 मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने ही उपासमार बंद करा असे फार्मांना कळवले. परसातल्या देशी कोंबडीचा हिशेब वेगळा. ती वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, मधूनमधून खुडूक बसते, पिल्ले फिरवते. घरात तिला नाव असते. चार-पाच वर्षे झाली तरी तिच्यावर सुरी चालवायला हात धजत नाही, आणि मग तिची दुखणी सुरू होतात.

आधी तुरा फिका पडून आक्रसतो. अंडी कमी होतात, पण असतात ती मोठी आणि पातळ कवचाची. कधी कवच नसलेले, नुसत्या पडद्यातले अंडे खुराड्यात सापडते. एका कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते. खाण्यातून ते पुरले नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते, म्हणून म्हातारपणी तिचा पाय साध्या उडीनेही मोडतो. कधी बलक नळीत न उतरता पोटात सांडतो आणि तिथे कुजतो. अशी कोंबडी पाय फाकून, उभट अंगाने चालते. उचलून पोटाखाली हात घातला की आत पाण्याची पिशवी लागते आणि वर छातीचे हाड सुरीसारखे बोचते. हे दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. बीजकोशाचा कर्करोगही तिला आपोआप होतो. असे प्राणी फार थोडे, म्हणून माणसांतल्या त्या रोगाच्या अभ्यासासाठी संशोधकांनी म्हातारी कोंबडीच निवडली. तिच्या स्वतःच्या उपचाराला मात्र तो अभ्यास अजून फारसा उपयोगी पडलेला नाही.

उपचाराची बाजू तंजावरने वेगळ्या वाटेने उचलली. तिथल्या विद्यापीठ केंद्रात प्रा. एन. पुन्नियमूर्ती यांनी जनावरांच्या गावठी औषधांची नीट मांडणी केली. गायीच्या कासदाहावरचे कोरफड, हळद आणि चुन्याचे वाटण त्यातूनच देशभर पोचले. कोंबड्यांसाठी जिरे, मिरी, हळद, लसूण, भुईआवळी असा स्वयंपाकघराला लागूनच असलेला मसाला. मानमोडी एकदा जडली की विषाणूला मारणारे औषध कुणाकडेच नाही, त्यामुळे हे वाटण लसीच्या जागी चालत नाही. पण भूक मंदावलेल्या कोंबडीला त्याच्या दोन गोळ्या चारायला खर्च नाही आणि शहरातला दवाखानाही गाठावा लागत नाही.

म्हाताऱ्या कोंबडीसाठी बाकी करण्यासारखे थोडेच, पण ते सोपे आहे. बसायची काठी वीतभर उंचीवर आणावी, दाण्याबरोबर शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, जंताचे औषध चुकवू नये, पायांच्या खवल्यांखाली किडे शिरले तर तेल चोळावे. अंडे अडकलेले वाटले तर कोंबट पाण्यात अर्धा तास बसवून पाहावे. आणि एखादी अचानक मेलीच तर पुरायची घाई करू नये. तिला बर्फात ठेवून त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावे. चिरून पाहिल्यावर कारण साथीचे निघाले, तर खुराड्यातल्या बाकीच्यांना वाचवायला अजून वेळ असतो.