माजी लोकप्रतिनिधींचे निवृत्तिवेतन (भारत)

संसद किंवा राज्य विधानमंडळाचे सदस्यत्व संपल्यानंतर त्या सदस्याला सार्वजनिक निधीतून दरमहा आजीवन मिळणाऱ्या रकमेस माजी लोकप्रतिनिधींचे निवृत्तिवेतन असे म्हणतात. संसद सदस्यांच्या बाबतीत ते ‘संसद सदस्यांचे वेतन, भत्ते व निवृत्तिवेतन अधिनियम, १९५४’ या कायद्यानुसार दिले जाते. राज्यांतील आमदारांसाठी त्या त्या राज्याचे स्वतंत्र कायदे आहेत. हे निवृत्तिवेतन अंशदायी नाही, म्हणजे सदस्याच्या वेतनातून त्यासाठी कपात होत नाही. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचेच पूर्वसुरी आणि सहकारी त्याचा दर ठरवतात. सार्वजनिक जीवनातून बाजूला झाल्यावरही माजी लोकप्रतिनिधी लेख, मुलाखती व आत्मचरित्रांतून शासनव्यवहारावर भाष्य करीत असतात. या दोन कारणांमुळे हा विषय सतत चर्चेत राहिला आहे.

घटनात्मक आधार

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १०६ नुसार संसद सदस्यांचे वेतन व भत्ते संसद कायद्याने ठरवते. राज्य विधानमंडळांच्या सदस्यांसाठी अशीच तरतूद अनुच्छेद १९५ मध्ये आहे. दोन्ही अनुच्छेदांत ‘वेतन’ व ‘भत्ते’ हे शब्द आहेत, ‘निवृत्तिवेतन’ हा शब्द नाही. संसदेला निवृत्तिवेतन देण्याचा अधिकार आहे काय, हा पुढे न्यायालयात गेलेला प्रश्न या शब्दाच्या अभावातूनच निर्माण झाला.

इतिहास

१९५४ च्या मूळ कायद्याने संसद सदस्यांना दरमहा ४०० रुपये वेतन व अधिवेशनकाळात दररोज २१ रुपये भत्ता ठरविला. त्या वेळी कायद्यात निवृत्तिवेतनाची तरतूद नव्हती. ती १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, कलम ८अ घालून करण्यात आली. किमान पाच वर्षे सदस्य असलेल्या व्यक्तीस दरमहा ३०० रुपये आणि पाच वर्षांपुढील प्रत्येक वर्षासाठी अधिक रक्कम, असे तिचे आरंभीचे स्वरूप होते. पुढे झालेल्या सुधारणांनी किमान पाच वर्षांची अट काढून टाकली. आता ‘कितीही काळ’ सदस्य राहिलेली व्यक्ती निवृत्तिवेतनास पात्र ठरते.

मूळ निवृत्तिवेतनातील अलीकडच्या वाढी पुढीलप्रमाणे आहेत :

• २००६ – दरमहा ८,००० रुपये
• २०१० ची सुधारणा – दरमहा २०,००० रुपये
• १ एप्रिल २०१८ पासून – दरमहा २५,००० रुपये
• १ एप्रिल २०२३ पासून – दरमहा ३१,००० रुपये

२०१० साली वेतन १६,००० रुपयांवरून ५०,००० रुपये झाले. तत्पूर्वी संसदीय समितीने ८०,००१ रुपये वेतनाची शिफारस केली होती. केंद्र सरकारच्या सचिवापेक्षा खासदाराचे वेतन एका रुपयाने तरी अधिक असावे, असा त्यामागील विचार होता. ही वाढ अपुरी असल्याचे सांगून काही पक्षांच्या सदस्यांनी लोकसभेत गदारोळ केला, तर डाव्या पक्षांनी वाढीलाच विरोध दर्शविला.

२०१८ च्या वित्त अधिनियमाने वेतन १ लाख रुपये करताना पद्धतही बदलली. वेतन, दैनिक भत्ता व निवृत्तिवेतन यांची फेररचना दर पाच वर्षांनी, आयकर कायद्यातील महागाई निर्देशांकाच्या आधारे आपोआप होईल, असे ठरले. प्रत्येक वाढीसाठी नवे विधेयक मांडण्याची गरज त्यामुळे उरली नाही. या पद्धतीनुसार मार्च २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेने वेतन १,२४,००० रुपये झाले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू करण्यात आले. २०२० साली कोविड साथीमुळे खासदारांच्या वेतनात एक वर्षासाठी ३० टक्के कपात झाली होती. निवृत्तिवेतनाला ती लागू नव्हती.

सध्याची तरतूद

मूळ निवृत्तिवेतन दरमहा ३१,००० रुपये आहे. पाच वर्षांपुढील सदस्यत्वाच्या प्रत्येक वर्षासाठी दरमहा २,५०० रुपये अधिक मिळतात. त्यामुळे राज्यसभेची सहा वर्षांची एक मुदत पूर्ण केलेल्या सदस्यास ३३,५०० रुपये, लोकसभेत दहा वर्षे राहिलेल्यास ४३,५०० रुपये व वीस वर्षे राहिलेल्यास ६८,५०० रुपये निवृत्तिवेतन होते.

माजी सदस्य राष्ट्रपती, उपराष्ट्रपती किंवा राज्यपाल झाल्यास, संसदेत वा राज्य विधानमंडळात पुन्हा निवडून आल्यास, अथवा सरकारच्या पगारी सेवेत गेल्यास तेवढ्या काळापुरते निवृत्तिवेतन थांबते. मात्र अन्य कोणतेही निवृत्तिवेतन मिळत असल्यास केंद्रीय अधिनियमानुसार खासदाराचे निवृत्तिवेतन त्याव्यतिरिक्त मिळते. आधी आमदार व नंतर खासदार झालेल्या व्यक्तीस दुहेरी लाभ मिळू शकतो, तो या तरतुदीमुळे.

सदस्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पती अथवा पत्नीस कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. माजी खासदारांना रेल्वेचा मोफत प्रवास (एका सोबत्यासह वातानुकूलित द्वितीय श्रेणीत किंवा एकट्याने वातानुकूलित प्रथम श्रेणीत) आणि केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचा लाभही घेता येतो. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची रेल्वेभाड्यातील सवलत बंद करण्यात आली. ती पूर्ववत करण्याच्या मागणीत माजी खासदारांच्या मोफत प्रवासाचा उल्लेख वारंवार होतो.

राज्य विधानमंडळे

राज्याराज्यांत दर व नियम यांत मोठी तफावत आहे.

महाराष्ट्र : येथे ‘महाराष्ट्र विधानमंडळ सदस्यांचे निवृत्तिवेतन अधिनियम, १९७६’ लागू आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये दोन्ही सभागृहांनी चर्चेविना संमत केलेल्या विधेयकाने आमदारांच्या वेतनात मोठी वाढ झाली आणि माजी आमदारांचे मूळ निवृत्तिवेतन ४०,००० रुपयांवरून ५०,००० रुपये झाले. माजी खासदाराच्या मूळ निवृत्तिवेतनापेक्षा ही रक्कम अधिक आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी व त्यानंतर सेवेत आलेल्या राज्य शासकीय कर्मचाऱ्यांना जुने निवृत्तिवेतन मिळत नाही. त्यांच्यासाठी स्वतःच्या वेतनातूनही अंशदान द्यावे लागणारी योजना लागू झाली. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा देत मार्च २०२३ मध्ये कर्मचारी व शिक्षकांनी १४ ते २० तारखेपर्यंत संप केला. कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन तिजोरीला परवडत नसेल तर लोकप्रतिनिधीचे कसे परवडते, हा प्रश्न त्या संपात ठळकपणे विचारला गेला.

पंजाब : येथे पूर्वी आमदारकीच्या प्रत्येक मुदतीसाठी निवृत्तिवेतनात भर पडत असे. अनेक वेळा निवडून आलेल्या सदस्याची रक्कम त्यामुळे काही लाखांपर्यंत जात असे. २०२२ साली कायद्यात सुधारणा करून मुदती कितीही असल्या तरी एकच निवृत्तिवेतन (६०,००० रुपये व महागाई भत्ता) देण्याचे ठरले.

गुजरात : या राज्यात माजी आमदारांना निवृत्तिवेतन दिले जात नाही. विधानमंडळाचे कामकाज चालण्यासाठी ही तरतूद अपरिहार्य नाही, याचे उदाहरण म्हणून टीकाकार गुजरातकडे बोट दाखवितात.

हिमाचल प्रदेश : पक्षांतरबंदी कायद्याखाली अपात्र ठरलेल्या सदस्यांचे निवृत्तिवेतन बंद करण्याची तरतूद असलेले विधेयक येथील विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये संमत केले. सदस्याची वर्तणूक आणि निवृत्तिवेतन यांची सांगड घालण्याचा हा विरळा प्रयत्न होता.

न्यायालयीन निर्णय

‘लोक प्रहरी’ या लखनौ येथील संस्थेने खासदारांच्या निवृत्तिवेतनास व अन्य सवलतींना आव्हान दिले होते. अनुच्छेद १०६ मध्ये निवृत्तिवेतनाचा उल्लेख नसल्याने संसदेला असा कायदा करता येत नाही, तसेच कोट्यवधी नागरिकांना वृद्धापकाळी कोणताही आधार नसताना केवळ एका वर्गाला असा लाभ देणे समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असा युक्तिवाद संस्थेने केला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयात न्या. जे. चेलमेश्वर व न्या. संजय किशन कौल यांच्या खंडपीठानेही १६ एप्रिल २०१८ रोजी अपील फेटाळले. घटनेत उल्लेख नाही म्हणून मनाई आहे असे होत नाही, आणि निवृत्तिवेतन असावे की नसावे हा संसदेने ठरवायचा धोरणाचा विषय आहे, असा या निर्णयाचा आशय आहे. या निकालाने वैधतेचा प्रश्न मिटला. औचित्याचा निर्णय मात्र पुन्हा ज्यांना लाभ मिळतो त्यांच्याकडेच आला.

समर्थन व टीका

समर्थकांच्या मते लोकप्रतिनिधित्व हे पूर्णवेळ काम आहे. शेती, वकिली किंवा नोकरी सोडून त्यात पडलेल्या व्यक्तीस पराभवानंतर जुना व्यवसाय पुन्हा उभा करणे कठीण जाते. निवृत्तिवेतन नसेल तर राजकारण केवळ श्रीमंतांना परवडेल, आणि पदावर असतानाच पुढची तजवीज करून ठेवण्याचा मोह वाढेल. सामान्य कुटुंबांतून आलेल्या व एकदाच निवडून गेलेल्या अनेक सदस्यांचा उतारवयातील आधार हीच रक्कम असते.

टीकाकारांचे मुख्य आक्षेप तीन आहेत. पहिला आक्षेप पात्रतेचा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यास जुन्या योजनेत आणि खासगी कामगारास कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत किमान दहा वर्षांची सेवा लागते. खासदाराला अशी अट नाही. दुसरा आक्षेप गरजेचा. निवडणूक शपथपत्रांचे विश्लेषण करणाऱ्या ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’च्या मते २०२४ मध्ये लोकसभेवर निवडून आलेल्या सदस्यांपैकी ९३ टक्के सदस्य कोट्यधीश आहेत. निवृत्तिवेतनाला मात्र उत्पन्नाची मर्यादा नाही. तिसरा आक्षेप तुलनेचा. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरविण्यात आली. दारिद्र्यरेषेखालील ६० ते ७९ वर्षांच्या वृद्धांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेत केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये आहे. खासदारांच्या निवृत्तिवेतनाला २०१८ पासून महागाईशी जोडले गेले, तसे या रकमांना जोडलेले नाही.

निवृत्तिवेतन आणि सार्वजनिक भाष्य

सभागृहातील भाषणाला अनुच्छेद १०५ व १९४ यांचे संरक्षण असते. सदस्यत्व संपल्यावर हे विशेषाधिकार संपतात आणि माजी सदस्य इतर नागरिकांप्रमाणे अनुच्छेद १९ खालील भाषणस्वातंत्र्याच्या आधारे बोलतो. त्याचे निवृत्तिवेतन मात्र त्याच्या बोलण्यावर अवलंबून नसते, कारण कलम ८अ मध्ये वर्तणुकीची अट नाही. सरकारी अधिकाऱ्याची स्थिती वेगळी आहे. केंद्रीय निवृत्तिवेतन नियमांनुसार ‘भावी सद्वर्तन’ ही प्रत्येक निवृत्तिवेतनाची गृहीत अट असते. मे २०२१ मध्ये नियमांत केलेल्या दुरुस्तीने गुप्तवार्ता व सुरक्षाविषयक संस्थांतून निवृत्त झालेल्यांना त्या संस्थेच्या कार्यक्षेत्राशी संबंधित लेखन प्रसिद्ध करण्यापूर्वी परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. निवृत्त अधिकाऱ्याचे निवृत्तिवेतन त्याच्या लेखणीला लगाम घालू शकते, माजी खासदाराचे घालू शकत नाही. निवृत्तिवेतनाचे समर्थक या स्वातंत्र्याला लोकशाहीच्या दृष्टीने मोलाचे मानतात. पक्षाच्या किंवा धनिकाच्या आश्रयावाचून जगता येणारी व्यक्तीच निर्भयपणे बोलू शकते, असे त्यांचे म्हणणे आहे.

याच स्वातंत्र्यातून नैतिक प्रश्नही उभा राहतो. सरकारी खर्चात काटकसर, अनुदानांत कपात किंवा कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा भार याविषयी माजी लोकप्रतिनिधी मत मांडतात, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या लाभांची आठवण करून दिली जाते. जून २०२२ मध्ये चार वर्षांच्या सैनिकी सेवेची ‘अग्निपथ’ योजना आली. अग्निवीरांना निवृत्तिवेतन नसेल तर लोकप्रतिनिधींना ते का, असा प्रश्न तेव्हाचे खासदार वरुण गांधी यांनी विचारला आणि स्वतःचे निवृत्तिवेतन सोडण्याची तयारी दाखविली. पंजाबचे माजी मुख्यमंत्री प्रकाशसिंग बादल यांनीही २०२२ साली आपले आमदार निवृत्तिवेतन नाकारले होते.

या संदर्भात समाजवादी नेते मधू लिमये (१९२२–१९९५) यांचे उदाहरण आवर्जून दिले जाते. पुण्यात जन्मलेले लिमये बिहारमधील मुंगेर व बांका या मतदारसंघांतून चार वेळा लोकसभेवर निवडून गेले. आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढविण्यात आली, तेव्हा जनतेने दिलेला कौल पाच वर्षांचाच आहे या भूमिकेतून त्यांनी १९७६ साली तुरुंगातून सदस्यत्वाचा राजीनामा दिला. खासदारांच्या निवृत्तिवेतनाची तरतूदही त्याच वर्षी झाली. १९८२ साली सक्रिय राजकारणातून निवृत्त झाल्यावर अखेरपर्यंत त्यांनी राज्यघटना, संसद व पक्षव्यवस्था यांवर विपुल लेखन केले. गोवा मुक्तिसंग्रामात पोर्तुगिजांच्या तुरुंगात १९ महिन्यांहून अधिक काळ काढलेल्या लिमये यांनी स्वातंत्र्यसैनिकाचे निवृत्तिवेतन घेतले नाही आणि माजी खासदाराचेही घेतले नाही. त्यांचे उदाहरण दोन्ही बाजूंनी विचारात घेता येते. निवृत्तिवेतनाविना निर्भय भाष्य करता येते हे त्यातून दिसते. मात्र असा त्याग हा व्यक्तीचा निर्णय असतो, त्यावर सर्वांसाठीची व्यवस्था उभारता येत नाही, असे समर्थक म्हणतात.

इतर देशांतील पद्धती

ब्रिटनमध्ये २००९ साली खासदारांच्या खर्चाच्या दाव्यांतील गैरप्रकार उघड झाल्यानंतर स्वतंत्र संसदीय मानक प्राधिकरण स्थापन झाले. वेतन व निवृत्तिवेतन ठरविण्याचे काम आता खासदारांकडे नाही. शिवाय निवृत्तिवेतनासाठी खासदारांच्या वेतनातून अंशदान कापले जाते. ऑस्ट्रेलियाने २००४ च्या निवडणुकीपासून नव्या सदस्यांसाठी जुनी उदार योजना बंद केली. अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांना निवृत्तिवेतनासाठी किमान पाच वर्षांची सेवा व अंशदान आवश्यक असते.

अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांसाठी १९५८ साली कायदा झाला. हॅरी ट्रुमन यांची पद सोडल्यानंतरची बेताची आर्थिक स्थिती हे त्याचे एक कारण होते. पुढील काळात माजी राष्ट्राध्यक्षांना ग्रंथलेखन व व्याख्यानांतून मोठे उत्पन्न मिळू लागले. अशा उत्पन्नाच्या प्रमाणात सरकारी लाभ कमी करणारे विधेयक काँग्रेसने २०१६ साली संमत केले, परंतु राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी त्यावर नकाराधिकार वापरला.

भारतात वेतन व निवृत्तिवेतन ठरविण्यासाठी स्वतंत्र आयोग नेमावा, ही मागणी अनेकदा पुढे आली आहे. २०१८ च्या निर्देशांक पद्धतीने वाढीचे प्रमाण सदस्यांच्या मतदानापासून दूर नेले. मूळ रक्कम, पात्रता व अंशदान यांविषयीचा अधिकार आजही संसदेकडेच आहे.

हेही पाहा

• भारतीय संसद
• महाराष्ट्र विधानमंडळ
• राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना
• मधू लिमये