पदवीचा शोधनिबंध : गुणांपलीकडचा वाचक

सन १७८५ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने लॅटिन निबंधस्पर्धेसाठी एक प्रश्न ठेवला : माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणे न्याय्य आहे काय? पंचवीस वर्षांच्या थॉमस क्लार्कसनने पारितोषिकाच्या ओढीने तो विषय घेतला आणि पहिला क्रमांक मिळवला. मात्र निबंधासाठी जमवलेली माहिती त्याची पाठ सोडीना. लंडनच्या वाटेवर तो घोड्यावरून उतरून रस्त्याकडेला बसून राहिला. आपण लिहिले ते खरे असेल, तर कुणीतरी हे थांबवायला हवे, असे त्याच्या मनाने घेतले. १७८७ मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लंडनमध्ये स्थापन झालेल्या समितीच्या बारा संस्थापकांत तो होता. १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने तो व्यापार बेकायदा ठरवला.

क्लार्कसन तेव्हा बीए होऊन चुकला होता. तरीही डब्लिनमध्ये सुरू झालेल्या जागतिक पदवी-विद्यार्थी पुरस्कारांतील सुवर्णपदकाला त्याचेच नाव दिले गेले, ते उचितच म्हणावे लागेल. या पुरस्कारांसाठी नवे काही लिहावे लागत नाही. अभ्यासक्रमात सादर केलेला, एरवी गुण मिळताच रद्दीत जाणारा निबंधच पाठवायचा असतो. त्यावरून विद्यार्थ्याचे व संस्थेचे नाव काढले जाते आणि त्या त्या विषयातील प्राध्यापक तो वाचतात. विभाग पंचवीस. शेवाळाच्या वाढीवरील निबंध आणि ओवीच्या रचनेवरील निबंध एकाच तराजूत तोलता येत नाहीत. एकाचा पुरावा प्रयोगशाळेत असतो, दुसऱ्याचा संहितेत. म्हणून स्पर्धा विषयांतर्गतच होते. प्रश्न नेमका आहे का आणि निष्कर्ष पुराव्याच्या पुढे धावत नाही ना, ही कसोटी मात्र सर्व शाखांना सारखीच लागू पडते.

महाराष्ट्रात २००६ पासून होणाऱ्या ‘आविष्कार’ या आंतरविद्यापीठीय संशोधन महोत्सवातही भाषा-मानव्यविद्यांपासून कृषी व औषधनिर्माणापर्यंत सहा विभाग आहेत आणि पदवीचा स्तर वेगळा ठेवलेला आहे. तेथे भित्तिपत्रक व तोंडी सादरीकरण असते. परीक्षकांसमोर उभे राहून उत्तरे देण्याचा सराव त्यातून होतो. परंतु बुजऱ्या विद्यार्थ्याचे सकस काम तेथे मागे पडू शकते. नाव झाकून वाचण्याच्या पद्धतीत हा धोका कमी.

गोव्यात हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार येथील महाविद्यालयांत २०२३-२४ पासून चार वर्षांची पदवी सुरू झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधन घेता येते आणि त्यातील लघुप्रबंधाला १२ श्रेयांक असतात. पहिल्या तुकडीचे चौथे वर्ष २०२६-२७ मध्ये येते. कुळागरांतील पाणीवाटपावर किंवा एखाद्या गावच्या धालोगीतांवर कुणी वर्षभर राबले, तर मार्गदर्शक व परीक्षक सोडून ते पान उलटणारा तिसरा वाचक नेमण्याची तजवीज महाविद्यालयांना त्याआधीच करावी लागेल.