कारखाना बंद पडला, पण विहिरीचं काय? जमिनीखालचं दूषित पाणी साफ कसं करतात, समजून घ्या

कारखाना बंद पडतो. गेटला कुलूप लागतं, वॉचमन निघून जातो, आवारात बाभळी वाढतात. धूर नाही, वास नाही, म्हणजे त्रास संपला असं गावाला वाटतं. पण जे रसायन जमिनीत मुरलं ते कुलपाला जुमानत नाही. ते पाण्याबरोबर खाली झिरपत राहतं आणि काही वर्षांनी कुणाच्या तरी विहिरीत, बोअरमध्ये उतरतं. तोपर्यंत मालक कोण होता हेही लोक विसरलेले असतात.

असं पाणी पुन्हा साफ होतं का? होतं, पण वेळ आणि पैसा दोन्ही भरपूर लागतात. आधी एक खरी गोष्ट पाहू.

बिछडीच्या विहिरी

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात बिछडी नावाचं गाव आहे. तिथे १९८८ मध्ये सिल्व्हर केमिकल्स या कंपनीने 'एच ॲसिड' बनवायला सुरुवात केली. कापडाच्या रंगासाठी लागणारं हे रसायन. कारखाना जेमतेम वर्षभर चालला. उत्पादन झालं फक्त ३७५ टन, पण त्यातून सुमारे २,४४० टन विषारी गाळ आणि ८,२५० घनमीटर सांडपाणी निघालं. गाळ उघड्यावर टाकला, पाणी तसंच सोडून दिलं.

पावसाने हे सगळं जमिनीत मुरवलं. विहिरींच्या पाण्याचा रंग बदलला. ते पाणी माणसाला पिता येईना, जनावरांना पाजता येईना, शेताला देता येईना. लोक इतके चिडले की तिथे जमावबंदी लावावी लागली.

१९८९ मध्ये प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. नुकसान किती आणि साफसफाई कशी करायची, याचा अभ्यास आपल्या नागपूरच्या 'नीरी' संस्थेने केला. सुमारे ३५० हेक्टर जमीन बाधित असल्याचं त्यात आलं. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी कोर्टाने निकाल दिला: ज्याने घाण केली त्यानेच ती काढायचा खर्च द्यायचा. पुढे ही रक्कम ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये ठरली. पण अर्जावर अर्ज होत राहिले आणि पैसे भरले गेले नाहीत. शेवटी १८ जुलै २०११ रोजी कोर्टाने ४ नोव्हेंबर १९९७ पासून १२ टक्के चक्रवाढ व्याजासकट रक्कम भरायचा आदेश दिला.

हिशेब बघा. कारखाना चालला एक वर्ष, कोर्टात गेली बावीस वर्षं. बिछडीच्या निकालाचा दाखला आज देशभरातल्या प्रदूषणाच्या खटल्यांत दिला जातो. पण विहीर गेली ती त्या शेतकऱ्यांची.

रसायन विहिरीपर्यंत जातं कसं?

जमिनीखाली पाण्याचं एखादं मोठं तळं असतं असा अनेकांचा समज आहे. तसं नसतं. पाणी मातीच्या कणांमधल्या जागेत, मुरुमात आणि खडकाच्या फटींत भरलेलं असतं आणि ते हळूहळू सरकत असतं. कारखान्याच्या आवारातला गाळ, फुटलेली टाकी, अस्तर नसलेला सांडपाण्याचा खड्डा यांतून रसायन या पाण्यात मिसळतं आणि पाण्याच्या वाटेने पुढे जातं. ओल्या कापडावर शाईचा थेंब पडावा तसा डाग लांबत जातो.

आपल्याकडे बहुतेक भाग काळ्या खडकाचा. त्यात पाणी फटींतून पळतं. म्हणून कारखान्याला लागून असलेली विहीर चांगली आणि लांबची बोअर खराब, असंही होऊ शकतं. शिवाय जिथे जोरात उपसा होतो तिकडे पाणी ओढलं जातं, आणि त्याबरोबर डागसुद्धा.

साफ करायचं म्हणजे नेमकं काय करतात?

*पहिलं काम, मूळ काढणे.* टाकी गळत असेल तर आधी गळती बंद करायची, मग फरशी पुसायची. इथेही तसंच. गाळ, पिंपं, सर्वात खराब झालेली माती उचलून धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात नेतात. उचलणं शक्य नसेल तर त्यावर पाणी न झिरपणारं आच्छादन घालतात, म्हणजे दर पावसाळ्याला नवं विष खाली जात नाही.

पण नुसता वरचा कचरा हलवला म्हणजे काम झालं असं नाही. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये १२ कंटेनरमधून पिथमपूरला नेऊन तिथे जाळला गेला. वायुकांड झालं होतं १९८४ मध्ये. म्हणजे वर साठवलेला कचरा हलायलाच चाळीस वर्षं लागली. आवारातली माती आणि खालचं पाणी हा वेगळाच विषय आहे.

*दुसरं काम, डाग मोजणे.* कारखान्याभोवती वेगवेगळ्या अंतरावर आणि खोलीवर तपासणीच्या बोअर घेतात. पाणी कुठे वाहतंय, रसायन कोणतं, किती खोल, किती लांब गेलंय, याचा नकाशा करतात. हे न करता मशीन बसवलं तर पैसे पाण्यात.

*तिसरं, उपसा करून शुद्ध करणे.* डागाच्या मध्यात किंवा पुढच्या टोकाला बोअर मारून खराब पाणी वर ओढतात आणि यंत्रातून शुद्ध करतात. उडून जाणारी रसायनं असतील तर पाण्यातून हवा खेळवतात, इतर काही रसायनं कोळशाच्या गाळणीत अडकतात, धातू असतील तर ते साक्यासारखे खाली बसवतात. या उपशाचा आणखी एक फायदा म्हणजे डाग पुढे सरकायचा थांबतो.

*चौथं, जमिनीतच उपचार.* इथे पाणी वर काढतच नाहीत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या एलिझाबेथ सिटी इथे धातूवर मुलामा देण्याच्या जुन्या कारखान्याखाली क्रोमियम पसरलं होतं. तिथे १९९६ मध्ये ४६ मीटर लांब आणि सुमारे ७ मीटर खोल चर खणून त्यात लोखंडाचा चुरा भरला. खराब पाणी आपल्या गतीने त्या चरातून जातं, लोखंडाशी क्रिया होऊन विषारी क्रोमियमचं कमी विषारी रूप होतं आणि ते तिथेच अडकतं. ना मोटार, ना वीजबिल.

कॅलिफोर्नियातल्या हिंकली गावाचं उदाहरण तर शेतकऱ्यांना लगेच समजेल. तिथे गॅस पाइपलाइनच्या एका स्टेशनवर गंज लागू नये म्हणून थंड करायच्या पाण्यात क्रोमियम वापरायचे. ते पाणी १९५२ पासून अस्तर नसलेल्या खड्ड्यांत सोडलं आणि ते भूजलात उतरलं. कंपनीला १९९६ मध्ये लोकांना ३३ कोटी ३० लाख डॉलर द्यावे लागले. आता साफसफाईसाठी तिथे खराब पाणी उपसून लसूणघासाच्या शेतांना देतात. मातीत विषारी क्रोमियमचं रूप बदलतं आणि ते मातीतच धरून राहतं. काही भागात जमिनीत अल्कोहोल सोडतात. ते खाऊन जिवाणू वाढतात आणि हेच काम करतात. पण हे वाचून कुणी खराब बोअरचं पाणी घासाला सोडू नका. तिथे सतत तपासणी ठेवून, त्या एकाच रसायनासाठी हे केलं जातं.

इतकी वर्षं का लागतात?

तेलाचा डबा एकदा धुतला की लगेच स्वच्छ होत नाही. कोपऱ्यातलं तेल पुन्हा पुन्हा सुटत राहतं. जमिनीचंही तसंच आहे. चिकणमातीत आणि खडकाच्या बारीक फटींत शिरलेलं रसायन थोडं थोडं बाहेर येत राहतं. काही द्रवरूप रसायनं पाण्यापेक्षा जड असतात, ती थेट तळाला जाऊन बसतात. उपसा सुरू असताना पाणी चांगलं येतं, बंद केला की काही महिन्यांत पुन्हा खराब. म्हणून एका चांगल्या अहवालावर विश्वास ठेवून काम बंद करायचं नसतं. पुढेही अनेक वर्षं तपासणी लागते.

२०२५ चा नवा नियम

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम लागू केले. यानुसार जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित दूषित जागांचा अहवाल द्यायचा आहे. त्यानंतर राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने किंवा नेमलेल्या तज्ज्ञ संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण करून जागा खरंच दूषित आहे का ते ठरवायचं. दूषित ठरली तर जबाबदार कोण हे शोधून साफसफाईचा खर्च त्याच्याकडून घ्यायचा. तो देऊ शकत नसेल तर केंद्र आणि राज्य सरकारने खर्च करायचा. खाणी आणि गावा-शहरातल्या कचऱ्याचे डेपो मात्र या नियमांत येत नाहीत.

गावासाठी यात कामाचा मुद्दा एकच: अहवालाची सुरुवात जिल्ह्यातून होते. त्या यादीत आपली जागा यायची असेल तर कुणीतरी ती लेखी कळवायला हवी.

गावाने काय करायचं?

• बंद कारखान्याजवळच्या विहिरीच्या पाण्याला रंग, वास, फेस किंवा तेलकट तवंग दिसला तर पिणं आणि स्वयंपाकाला वापरणं लगेच बंद करा. पर्यायी पाण्याची मागणी ग्रामपंचायतीकडे लेखी करा.

• पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. उलट पाणी आटलं की त्यांचं प्रमाण वाढतं. तुरटी आणि क्लोरीनचं औषध हा यावरचा इलाज नाही.

• टीडीएस मीटरवर आकडा चांगला आला म्हणून पाणी चांगलं असं समजू नका. ते मीटर एकूण क्षार सांगतं, विष ओळखत नाही.

• तपासणीला नमुना देताना कारखान्यात काय बनायचं हे सांगा. नेहमीच्या तपासणीत कारखान्याची रसायनं धरलेली नसतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत विचारा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नमुना घेण्याची लेखी मागणी करा. अहवालाची प्रत ग्रामपंचायतीत जपून ठेवा.

• आवारातली माती, राख, गाळ घराच्या भरावाला किंवा शेतात आणू नका. रसायनाची रिकामी पिंपं पाणी साठवायला तर अजिबात वापरू नका, कितीही धुतली तरी.

• शेजारी नवी खोल बोअर मारू नका. वरच्या थरातलं खराब पाणी खालच्या चांगल्या थरात उतरायला तीच वाट होते.

• ग्रामसभेत ठराव करा. कारखाना कधी सुरू झाला, कधी बंद झाला, काय बनायचं, गाळ कुठे टाकायचे, हे जुन्या कामगारांना विचारून लिहून काढा. तो ठराव आणि ही माहिती जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्या, पोच घ्या.

यातलं शेवटचं काम सगळ्यात सोपं आहे, बिनखर्चाचं आहे आणि तेच राहून जातं. गाळ कुठे पुरला हे सांगणारी माणसं आज गावात आहेत. साफसफाईला येणाऱ्या तज्ज्ञांना पहिली बोअर कुठे घ्यायची हे त्यांच्याकडूनच कळणार आहे. ती माणसं आहेत तोवर विचारून घ्या.